‘सापडले नाही’ या उत्तराविषयी

दूध संस्थेचे सचिव दहा दिवसांचे बिल काढतात, वर्गशिक्षिका निकालपत्रक लावतात, गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार थकबाकीची यादी करतात आणि कर सल्लागाराच्या कचेरीतला मदतनीस खरेदीची नोंदवही जीएसटीच्या २बी विवरणाशी ताडून बघतो. चौघांची कामे वेगळी, पण प्रश्न एकच : या तक्त्यातल्या नावापुढे त्या तक्त्यात काय लिहिले आहे? कागदाच्या काळातही हाच प्रश्न होता. रोजकीर्दीतल्या नोंदीशेजारी खतावणीचे पान लिहिलेले असे आणि तो आकडा धरून कारकून एका वहीतून दुसऱ्या वहीत जाई. आज तेच काम स्प्रेडशीटमधला शोधाचा फॉर्म्युला करतो. व्हीलुकअप, इंडेक्स-मॅच, एक्सलुकअप ही त्याची रोजच्या वापरातली नावे.

शोध घेतला आणि हवे ते मिळाले नाही तर पुढे काय करायचे, एवढाच पुढील पानांचा विषय आहे. एकाच फॉर्म्युल्यात तीन-चार शोध एकात एक गुंफलेले असले आणि प्रत्येक शोध वेगळ्या शीटवर जात असला की हा प्रश्न बिकट होतो. वाचकांनी ‘हे संगणकवाल्यांचे काम’ म्हणून पान उलटू नये, एवढी विनंती आहे. ज्याने कधी हिशेबाची वही लिहिली आहे, बाकी पुढे ओढली आहे, मेळ बसेना म्हणून रात्री जागून काढली आहे, त्याला यातले सगळे समजेल. अशा माणसाला हा विषय संगणक शिकलेल्या माणसापेक्षा लवकर उमगतो, असे मी वारंवार पाहिले आहे. कारण इथे कसोटी लागते ती आपल्या व्यवहाराच्या जाणकारीची. फॉर्म्युला लिहिणे त्यानंतर येते.

थोडा इतिहास आधी सांगतो. स्प्रेडशीट हा मूळचा हिशेबनिसांचा रुंद, आखलेला कागद. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत असताना डॅन ब्रिकलिन यांनी फळ्यावर मांडलेली कोष्टके पाहिली. त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. हे काम यंत्राने का करू नये, या विचारातून १९७९ साली त्यांनी आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ या संगणकासाठी ‘व्हिझीकॅल्क’ आणले. या इतिहासातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या अगदी पहिल्या प्रोग्राममध्ये शोधाचे फंक्शन होते आणि त्याच्या जोडीला ‘उपलब्ध नाही’ व ‘चूक’ अशी दोन खास मूल्येही होती. एखाद्या सेलमध्ये त्यांपैकी एक आले की त्या सेलवर विसंबलेल्या प्रत्येक सेलमध्ये ते उतरत जाई. म्हणजे ठाऊक नसलेल्या आकड्यावर उभी राहिलेली बेरीजही ‘ठाऊक नाही’ असेच सांगे. कर्त्यांनी हे ठरवून केले होते. तुटपुंज्या साधनांवर, इतक्या आधी हा विचार झाला याचे मला आजही कौतुक वाटते.

पुढे १९८३ साली लोटस १-२-३ आले, १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर एक्सेल आले. १९९३ च्या एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीपासून एका वर्कबुकात अनेक शीट ठेवता येऊ लागल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने कलाटणी मिळाली ती २००७ साली. तोवर फॉर्म्युल्यात फंक्शने एकात एक सात थरांपर्यंतच गुंफता येत. ती मर्यादा चौसष्ट थरांवर गेली. त्याच आवृत्तीत इफएरर हे फंक्शनही मिळाले. कोणतीही चूक आली तर तिच्याऐवजी तुम्ही सांगाल ते दाखवणे, हे त्याचे काम. गुंफण्याची मुभा आणि झाकण्याची सोय एकाच वेळी हाती आली, आणि आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ मला या जोडीत दिसते. इफएरर वाईट नाही. इतक्या सहज हाताशी असल्यामुळे ते विचाराच्या आधी वापरले जाते, एवढीच माझी तक्रार.

आता एक उदाहरण जवळून पाहू. गावातल्या दूध संस्थेची फाइल डोळ्यांपुढे आणा. तिच्यात चार शीट आहेत : सभासद, दरपत्रक, संकलन आणि उचल. सभासदांचे कोड आणि नावे पहिलीत. दुसरीत उभ्या बाजूला फॅट, आडव्या बाजूला एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्तचे घन घटक) आणि मधल्या चौकटींत लिटरचा दर. तिसरीत रोज सकाळ-संध्याकाळ घातलेले दूध. चौथीत ज्यांनी पशुखाद्याची पोती किंवा रोख उचल घेतली आहे, त्यांचीच यादी. दहा दिवसांनी पाचव्या शीटवर बिल निघते : दुधाचे पैसे वजा उचल.

कोड ११२ च्या सभासदाने समजा दहा दिवसांत ८४ लिटर दूध घातले आणि सरासरी ३४ रुपये दर पडला. त्याचे २,८५६ रुपये झाले. त्याने उचल घेतलेली नाही, म्हणून उचलीच्या शीटवर त्याचे नावच नाही. बिलाचा फॉर्म्युला तिथे ११२ शोधतो, तो सापडत नाही आणि #एन/ए येते. २,८५६ मधून #एन/ए वजा केले की उत्तरही #एन/ए. बिल छापायची घाई असते, कागदावर ही खूण बरी दिसत नाही, म्हणून कोणीतरी सगळ्या फॉर्म्युल्याला बाहेरून आवरण घालतो :

=इफएरर(दुधाचे पैसे – व्हीलुकअप(कोड, उचल, २, फॉल्स), ०)

खूण गेली. पान स्वच्छ दिसू लागले. आणि ११२ चे बिल शून्य झाले. ज्यांनी उचल घेतली त्यांची बिले अचूक निघाली, आणि ज्यांच्या डोक्यावर संस्थेची एक पैही नाही त्या सगळ्यांची बिले शून्यावर आली. हा प्रकार मी प्रत्यक्ष पाहिला आहे. बिलवाटपाच्या आदल्या संध्याकाळी छापील यादीवरून बोट फिरवताना एका वयस्क संचालकांच्या ध्यानात आले की जे कधीच उचल घेत नाहीत, नेमकी तीच नावे शून्यापुढे आहेत. संगणकाला हात न लावता त्यांनी दोषाचे ठिकाण सांगितले. या विषयाचा खरा जाणकार कोण, हे मला त्या दिवशी कळले.

याच बिलात दुसरे दोन शोध आहेत आणि त्यांच्या ‘सापडले नाही’चा अर्थ निराळा आहे. दरपत्रकात ४.१ फॅटचा दर सापडला नाही, तर तो असायला हवा होता. तिथे शून्य दाखवणे म्हणजे शेतकऱ्याचे दूध फुकट घेणे. सभासदांच्या शीटवर कोडच सापडला नाही, तर त्याहून गंभीर बाब आहे. नोंद करताना आकडा चुकला असेल किंवा नव्या सभासदाचे नाव चढवायचे राहिले असेल. उचलीच्या शीटवर नाव नसणे मात्र अगदी साहजिक आहे आणि तिथे शून्य हेच योग्य उत्तर आहे. तीन शोध, तिन्हींची खूण एकच आणि अर्थ वेगळे. सबंध फॉर्म्युल्याला एकच आवरण घातले की हा भेद पुसला जातो. म्हणून प्रत्येक शोधाला त्याचे त्याचे आवरण द्यावे, तेही जिथे उत्तर ठाऊक आहे तिथेच. उचलीच्या शोधाभोवती ‘नसल्यास शून्य’ असे म्हणा. दराचा शोध उघडा ठेवा. ११२ चे २,८५६ रुपये त्याला मिळतील आणि दर सापडला नसेल त्या ओळीत #एन/ए दिसत राहील. बिल छापण्यापूर्वी ते दिसायलाच हवे.

हा भेद विद्वानांनाही सुचलेला आहे. माहितीच्या कोष्टकांची संबंधाधारित मांडणी १९७० साली जगापुढे ठेवणारे एडगर कॉड यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात रिकाम्या जागांचे दोन प्रकार मानले : लागू आहे पण माहीत नाही, आणि मुळात लागूच नाही. दराची जागा पहिल्या प्रकारची, उचलीची दुसऱ्या. कॉड यांची ही सूचना व्यवहारात फारशी रुजली नाही. बहुतेक प्रणालींनी एकच रिकामी खूण पुरेशी मानली. पण बिल काढणाऱ्या माणसाला हा भेद रोज करावा लागतो. मी त्यात व्यवहारातला तिसरा प्रकार जोडतो : आहे, पण जुळले नाही. तेव्हा वाचकांनी कोणत्याही #एन/ए कडे पाहताना तीन प्रश्न मनाशी ठेवावेत. हे नव्हतेच का? असायला हवे होते का? की आहे, पण जुळले नाही? पुढील सगळी प्रकरणे या तीन प्रश्नांभोवती फिरतात.

साधनांविषयी थोडक्यात. इफएरर सगळ्याच चुका झाकते. शीट पुसली गेल्याने आलेले #रेफ!, फंक्शनचे नाव चुकल्याने आलेले #नेम?, आकड्याच्या जागी अक्षरे आल्याने झालेले #व्हॅल्यू!, सगळे त्याच्या पोटात जाते. २०१३ साली आलेले इफएनए फक्त ‘सापडले नाही’ एवढेच टिपते आणि बाकीच्या चुका दिसू देते. शोधाभोवती आवरण हवेच असेल तर तुम्ही इफएनए वापरा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या एक्सलुकअपमध्ये ‘न सापडल्यास काय’ याची जागा फंक्शनच्या आतच आहे आणि तीही तेवढ्यापुरतीच चालते. आणखी एक सुधारणा त्यात आहे. व्हीलुकअपला शेवटी फॉल्स सांगितले नाही तर ते जवळपासचे उत्तर देते. एक्सलुकअप न सांगताही तंतोतंत जुळणीच करते. जुन्या फायलींत तो शेवटचा शब्द राहून गेल्याने किती आकडे चुकीच्या ओळीतून उचलले गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

‘आहे, पण जुळले नाही’ हा प्रकार सर्वांत रोचक आहे आणि त्यातला मोठा भाग मराठीत काम करणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. इंग्रजी पुस्तकांत तो मिळत नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो. वकील सभासदांच्या नावाआधी ‘ॲड.’ लिहितात. यातले ॲ हे अक्षर एका चिन्हाने लिहिता येते, आणि अ वर ॅ देऊन, म्हणजे दोन चिन्हांनीही लिहिता येते. ॲ हे एकसंध चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीची सवय आणि त्याआधीचे कळफलक अजून वापरात आहेत. पडद्यावर दोन्ही नावे सारखी दिसतात, पण लांबी मोजणारे लेन हे फंक्शन लावून पाहा : एका ‘ॲड’ची लांबी २ येते, दुसऱ्या ‘अॅड’ची ३. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी नावे आहेत, त्यामुळे शोध जुळेल याची खात्री धरता येत नाही. कुऱ्हाडे, बऱ्हाटे, वऱ्हाडे या आडनावांचेही तेच. यातला अर्धा र एका पद्धतीत ऱ या स्वतंत्र अक्षरापासून होतो, तर दुसरीत साध्या र ला हलन्त देऊन मागे न दिसणारे एक जोडचिन्ह घातल्याने. पहिल्या ‘कुऱ्हाडे’ची लांबी ८, दुसऱ्या ‘कुर्‍हाडे’ची ९. एका शीटवरची नावे कचेरीतल्या संगणकावर आणि दुसरीवरची मोबाइलवर टाइप झाली असली तर मुद्दाम तपासून पाहा. आणि जुन्या फायली कृतिदेव, श्रीलिपी किंवा शिवाजी फाँटांत असतील, तर तिथे आत मराठी अक्षरेच नसतात. रोमन चिन्हांवर मराठी आकार चढवलेले असतात. अशी यादी युनिकोडमधल्या यादीशी कधीही जुळणार नाही. आधी रूपांतर करावे लागते.

यातून निघणारा उपाय जुनाच आहे. नावावर शोध घेऊ नये, कोडावर घ्यावा. खतावणीत पानाचा आकडा लिहिणाऱ्यांना हे माहीत होते. एकाच गावात एका नावाची चार माणसे असतात, हे त्यांनी पाहिलेले होते.

कोडाच्याही खोड्या आहेत. एका शीटवर ११२ हा आकडा असतो, दुसरीवर तोच मजकूर म्हणून साठवलेला असतो. दिसायला सारखे, शोधाला वेगळे. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ झाली असेल तर ती चिन्हेच निराळी आहेत. दुसऱ्या प्रणालीतून उतरवून घेतलेल्या यादीत नावांमागे मोकळी जागा चिकटलेली असते. ट्रिम हे फंक्शन साधी जागा काढते, पण संकेतस्थळांवरून आलेली, १६० क्रमांकाची न तुटणारी जागा तशीच ठेवते. ती वेगळी बदलून घ्यावी लागते. बिल क्रमांक ००४५ मधली पुढची शून्ये गळून ४५ उरते. पंधरा अंकांहून मोठा खाते क्रमांक आकडा म्हणून भरला तर पंधराव्यापुढचे अंक शून्य होतात, आणि दोन माणसांची खाती एक दिसू लागतात.

आणि सातबाराची गोष्ट तर सांगायलाच हवी. एक्सेलच्या साध्या सेलमध्ये इंग्रजी आकड्यांत ७/१२ टाइप करा. भारतीय तारखेची मांडणी असेल तर ते ७ डिसेंबर होते. गट क्रमांक १२/३ हा १२ मार्च होतो आणि आत साठतो तो पंचेचाळीस हजारांच्या पुढचा एक दिवसाचा क्रमांक. मग जमिनीच्या यादीत १२/३ शोधला तर तो कसा सापडणार? याच खोडीने शास्त्रज्ञांनाही सळो की पळो केले होते. ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-१’ अशा नावांच्या जनुकांची स्प्रेडशीटमध्ये तारखा होत. अखेर २०२० साली मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलून ‘मार्चएफ-१’, ‘सेप्टिन-१’ अशी केली. आपल्याला गट क्रमांक बदलता येत नाहीत. पण रकाना भरण्याआधी तो मजकुराचा आहे असे सांगून ठेवता येते. तारखा झाल्यावर सांगून उपयोग नाही.

दरपत्रकाकडे पुन्हा एकदा येतो, कारण तिथे आणखी एक सूक्ष्म चूक दडलेली असते. फॅटचा रकाना भरताना बहुतेक जण पहिल्या सेलमध्ये ३.० लिहून पुढे प्रत्येक सेलमध्ये आधीच्यात ०.१ मिळवत जातात. संगणक आकडे द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका लिहिता येत नाही. काही पायऱ्या गेल्या की पडद्यावरचा ३.५ आत ३.५ हून केसभर जास्त असतो. मशीनवर वाचून टाइप केलेला ३.५ त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही आणि #एन/ए येते. हे तरी बरे. फॉर्म्युला जवळपासची जुळणी मागत असेल तर तो ३.५ च्या पुढे न जाणारी शेवटची पायरी धरतो, म्हणजे ३.४, आणि शेतकऱ्याला त्या पायरीचा कमी दर मिळतो. खूण कसलीच उमटत नाही. रकाना भरतानाच राउंड लावून एका दशांशावर आणला की दोष संपतो. एवढ्याशा कामासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे, कारण पैसा शेतकऱ्याचा आहे.

अनेक शीटांचा प्रश्न आता घेऊ. आपल्याकडे फाइल महिन्यांप्रमाणे वाढते : एप्रिलची शीट, मेची शीट, जूनची शीट. मग वर्षाचा हिशेब करताना फॉर्म्युला लिहिला जातो की एप्रिलमध्ये शोध, तिथे नसेल तर मेमध्ये, तिथेही नसेल तर जूनमध्ये. अशी साखळी इफएररने बांधली तर एक धोका असतो. एप्रिलच्या शीटमध्ये कोणी रकाना पुसला आणि #रेफ! आले, तर फॉर्म्युला निमूटपणे मेमध्ये जातो आणि तिथला आकडा आणून देतो. दरांची नवी आणि जुनी अशी दोन पत्रके साखळीत असतील तर नवे मोडल्याचे कळतच नाही. बिले जुन्या दराने निघत राहतात. साखळी बांधायचीच असेल तर इफएनएने बांधावी आणि शेजारच्या रकान्यात उत्तर कोणत्या शीटवरून आले त्याचे नाव येईल असे करावे. हा जास्तीचा रकाना ज्यांनी एकदा ठेवला, त्यांनी तो पुन्हा काढल्याचे मला आठवत नाही.

शीटचे नाव मजकुरातून घडवून तिथवर नेणारे इनडायरेक्ट हे फंक्शन अनेकांना भुरळ घालते. ते उपयोगी आहे, पण शीटचे नाव बदलले तर साधे संदर्भ आपोआप बदलतात आणि इनडायरेक्टचे बदलत नाहीत. ‘फेब्रुवारी’च्या मागे एक मोकळी जागा राहिली तरी #रेफ! येते. दुसऱ्या वर्कबुकाकडे बोट दाखवले असेल आणि ती फाइल बंद असेल तरीही तेच. माझे मत विचाराल तर महिन्याच्या शीटच करू नयेत. एकच लांब यादी ठेवावी आणि तिच्यात महिन्याचा रकाना असावा. २००७ पासून एका शीटवर दहा लाखांहून जास्त ओळी बसतात; गावच्या संस्थेला एवढी जागा पुष्कळ वर्षे पुरेल. अनेक शीटांवरच्या शोधाच्या निम्म्या अडचणी अशा रीतीने उद्भवतच नाहीत. हा सल्ला देताना मला कल्पना आहे की वाचकांपैकी अनेकांच्या हाती दुसऱ्याने केलेली, बारा शीटांची फाइलच आलेली असते. त्यांच्यासाठी पुढची प्रकरणे आहेत.

ज्या चुका खूणच दाखवत नाहीत, त्यांच्याविषयी सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना अपुरी राहील. एकच कोड दोघांना दिला गेला असेल तर शोध पहिल्यावर थांबतो आणि दुसऱ्याचे पैसे पहिल्याच्या नावावर बोलतात. कोड सापडला पण त्यापुढची सेल रिकामी असेल तर एक्सेल शून्य दाखवते. मग ‘शून्य रुपये’ आणि ‘अजून भरलेले नाही’ यांतला फरक कळत नाही. व्हीलुकअपमध्ये रकान्याचा क्रमांक लिहिलेला असतो. मध्ये एक रकाना घातला की तो क्रमांक जागचा हलत नाही आणि शेजारचा आकडा येतो. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण माहिती जुन्या पद्धतीच्या फाइलीत उतरवली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. उरलेल्या ओळी गळाल्या, आणि त्या नोंदींच्या जागी चुकीची खूण म्हणून काहीच उरले नाही. अशा चुकांवर उपाय हिशेबातलाच : दोन्ही बाजूंच्या बेरजा आणि दोन्ही बाजूंच्या नोंदींची संख्या वेगळ्या वाटेने काढून मेळ घालणे. संकलनाच्या शीटवरचे एकूण लिटर आणि टँकरच्या पावत्यांवरचे एकूण लिटर ताडून पाहा. बिलांवरची एकूण उचल आणि उचलीच्या शीटची बेरीज जुळते का, हेही पाहा. या दोन सेल प्रत्येक फाइलीच्या पहिल्या शीटवर, वरच्या बाजूला असाव्यात.

जीएसटीचे काम करणाऱ्या वाचकांना या विषयाची चव सर्वांत लवकर कळेल, असे वाटते. खरेदीचे बिल २बी मध्ये सापडले नाही, तर ती माहितीच मोलाची असते. विक्रेत्याने विवरण भरलेले नसेल, त्याने दुसऱ्या महिन्यात दाखवले असेल किंवा बिल क्रमांक वेगळ्या रीतीने लिहिला असेल. पहिल्या दोन बाबतींत विक्रेत्याला फोन करायचा असतो, तिसऱ्यात आपली यादी दुरुस्त करायची असते. तिथे #एन/ए झाकून कोरी जागा दाखवणारा, खरेदीवरच्या कराच्या वजावटीचे पैसे कुठे अडकले आहेत हे स्वतःपासूनच लपवतो. म्हणून माझ्या ओळखीचे कर सल्लागार ‘न सापडलेल्यांची’ यादी आधी छापतात आणि सापडलेल्यांची नंतर.

वाचकांनी ही प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांना फॉर्म्युले नवे आहेत त्यांनी एकात एक गुंफलेला फॉर्म्युला आतून बाहेर वाचण्याची सवय आधी लावावी : सर्वांत आतला शोध वेगळ्या सेलमध्ये काढून त्याचे उत्तर पाहावे, मग त्याच्या बाहेरचा. एक्सेलमध्ये फॉर्म्युला टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवणारी सोयही आहे, पण हाताने वेगळ्या रकान्यांत मांडल्याने समज पक्की होते. मोठा फॉर्म्युला एकाच सेलमध्ये बसवण्यात काही मोठेपण नाही. चार मदतीचे रकाने जोडले तर पुढच्या सचिवाला तुमचे काम वाचता येईल. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी मराठी अक्षरांचे प्रकरण तरी नक्की पाहावे. तिथे सांगितलेल्या तपासण्या मला पूर्वी कुठे एकत्र मिळाल्या नव्हत्या आणि त्या जमवताना झालेला आनंद वाचकांपर्यंत पोहोचावा अशी इच्छा आहे. गुगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनाही यातले बहुतेक सारे लागू पडते.

वाचायला बसण्यापूर्वी एक काम करा. रोजच्या वापरातली एखादी फाइल घ्या, तिची प्रत करा आणि कंट्रोल-एफ दाबून फॉर्म्युल्यांमध्ये इफएरर शोधा. जो पहिला सापडेल त्याचे बाहेरचे आवरण काढा आणि उघडा फॉर्म्युला रकानाभर खाली ओढा. जिथे जिथे #एन/ए उमटेल, त्या ओळीचा कोड किंवा बिल क्रमांक कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे आपल्या हाताने लिहा : ‘नव्हतेच’, ‘असायला हवे होते’ किंवा ‘आहे, पण जुळले नाही’. काहींच्या बाबतीत लगेच लिहिता येणार नाही. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि तो कागद जवळ घेऊन पहिले प्रकरण उघडा.